धग राखली की रिब्ज जमल्या

अमेरिकेत मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी मेमोरियल डे येतो आणि तिथपासून सप्टेंबरातल्या लेबर डेपर्यंत वीकेंडला घरोघरच्या मागच्या अंगणांतून धूर निघत राहतो. इथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतही आता एखादी केटल ग्रिल असतेच. तिच्यावर चिकन होतं, मक्याची कणसं भाजली जातात, पनीर आणि ढोबळी मिरचीच्या सळ्या लागतात. मग कधीतरी कोणी दुकानातून पोर्क रिब्जचा रॅक घेऊन येतं, चिकनसारखाच थेट निखाऱ्यांवर ठेवतं आणि पाऊण तासात तो बाहेरून काळा आणि आतून वातड होतो. ‘रिब्ज हॉटेलात जाऊनच खाव्यात’ असा निष्कर्ष त्यानंतर निघतो.

तो निष्कर्ष बदलावा म्हणून हा लेख. रब (वरून लावायचा कोरडा मसाला) कोणता, सॉस कुठला, लाकूड कोणतं याची चर्चा लोक आवडीने करतात, पण ते सगळं नंतरचं. मसाला लावणं दहा मिनिटांचं काम आहे. ग्रिलमधलं तापमान पाच-सहा तास 225 ते 250 अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण 107 ते 121 अंश सेल्सिअस, राखता आलं की घरच्या साध्या ग्रिलवरही उत्तम रिब्ज होतात. महागडा स्मोकर लागत नाही. लागतो तो एक मोकळा दिवस.

इतका वेळ कशासाठी?

बरगड्यांमधले स्नायू जनावराच्या प्रत्येक श्वासाबरोबर हलत असतात. सतत राबणाऱ्या या मांसात संयोजी ऊती भरपूर असतात आणि त्यांतलं मुख्य द्रव्य म्हणजे कोलॅजन. आच लागली की कोलॅजन आधी आकसतं आणि मांस घट्ट होतं. पुढे 70 अंश सेल्सिअसच्या वर ते हळूहळू विरघळून त्याचं जिलेटिन होऊ लागतं. खाताना ओठांना लागणारा तो किंचित चिकट मऊपणा जिलेटिनचा. पण हा बदल तापमानाइतकाच वेळेवरही अवलंबून असतो. आच वाढवून तो उरकता येत नाही, कारण तोवर बाहेरचं मांस सुकून कोळसा झालेलं असतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. अमेरिकी कृषी खात्याने 2011 साली पोर्कच्या अखंड तुकड्यांसाठी 145 अंश फॅरनहाइट (63 अंश सेल्सिअस) आणि नंतर तीन मिनिटांची विश्रांती ही मर्यादा सुरक्षित ठरवली. त्या तापमानाला रिब्ज सुरक्षित असतात, पण खाण्यालायक नसतात. त्यांना 195 ते 203 अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे 90 ते 95 अंश सेल्सिअसच्या आसपास न्यावं लागतं. तेव्हा पोर्क कच्चं राहील ही ज्यांना धास्ती असते त्यांनी निश्चिंत असावं. नीट झालेल्या रिब्ज ती मर्यादा कधीच मागे टाकून आलेल्या असतात.

कोणत्या रिब्ज घ्याव्यात?

दुकानात मुख्यतः तीन प्रकार दिसतात. पाठीच्या कण्यालगतच्या, आखूड आणि वळणदार त्या बेबी बॅक. त्यांत चरबी कमी, मांस कोवळं आणि वजन दीड ते अडीच पाउंड. त्यांच्या खालच्या, पोटाकडच्या लांब हाडांच्या त्या स्पेअर रिब्ज. स्पेअर रिब्जचा कूर्चेचा भाग आणि लोंबणारी पट्टी कापून आयताकृती केलेला रॅक म्हणजे सेंट लुईस कट, वजन साधारण अडीच ते साडेतीन पाउंड.

पहिल्यांदा करणाऱ्यांनी सेंट लुईस कट घ्यावा. हाडं सपाट असल्यामुळे सगळीकडे सारखी आच लागते आणि चरबी थोडी जास्त असल्याने अर्धा तास इकडेतिकडे झाला तरी मांस कोरडं पडत नाही. घेताना दोन गोष्टी पाहा. वरच्या बाजूला हाडं उघडी दिसत असतील तर खाटकाने सुरी फार खोल नेलेली आहे, तो रॅक सोडून द्या. आणि लेबल वाचा. पाणी व मिठाचं द्रावण टोचलेलं आहे असं लिहिलं असेल, तर वरून मीठ लावू नका, नाहीतर रिब्ज खारट होतील.

आदल्या रात्री

रॅकच्या आतल्या बाजूला, हाडांवर, एक पांढुरका पातळ पापुद्रा असतो. तो शिजून मऊ होत नाही. मसाला मांसापर्यंत पोहोचू देत नाही आणि खाताना प्लॅस्टिकसारखा दाताखाली येतो. रॅकच्या एका टोकाला, दुसऱ्या-तिसऱ्या हाडावर, चमच्याच्या दांड्याचं टोक पापुद्र्याखाली सरकवा आणि हलकेच उचला. बोट जाईल इतकी फट झाली की ते टोक कोरड्या पेपर टॉवेलने घट्ट धरा आणि दुसऱ्या टोकाकडे सावकाश ओढा. नुसत्या बोटांतून तो निसटतो, कागदात धरला की निसटत नाही. बहुतेक वेळा अख्खी पट्टी एका ओढीत येते. मध्येच फाटला तर फाटल्या जागेपासून पुन्हा सुरुवात करा.

मग मीठ. दोन रॅक मिळून सहा पाउंड, म्हणजे पावणेतीन किलोच्या आसपास असतील, तर एक टेबलस्पून जाडं कोशर मीठ पुरे. बारीक मीठ असेल तर दोन टीस्पून. दोन्ही बाजूंना सारखं भुरभुरवा आणि रॅक झाकून फ्रिजमध्ये ठेवा. मीठ रात्रभरात आत मुरतं, बाकीचे मसाले पृष्ठभागावरच राहतात. म्हणून मीठ आदल्या रात्री आणि मसाला सकाळी.

रब

दोन रॅकसाठी:

- ब्राउन शुगर – पाव कप
- पॅप्रिका – 3 टेबलस्पून
- भरड काळी मिरी – 1 टेबलस्पून
- लसणाची पूड – 1 टेबलस्पून
- कांद्याची पूड – 1 टेबलस्पून
- जिरेपूड, मोहरीपूड आणि लाल तिखट – प्रत्येकी 1 टीस्पून

पॅप्रिकाऐवजी ब्याडगी मिरचीची पूड छान चालते. रंग सुरेख येतो आणि तिखटपणा बेताचाच राहतो. ब्राउन शुगरऐवजी कोरड्या गुळाची पूडही वापरता येते. मात्र आलं-लसूण-दह्याचं वाटण लावण्याचा मोह आवरा. आपल्या मटणाला ते शोभतं. इथे पृष्ठभाग हळूहळू सुकून त्यावर गडद, खमंग कवच धरायला हवं. त्याला बार्क म्हणतात. ओलं वाटण असलं की ते कवच धरत नाही. गरम मसालाही नको, कारण लवंग-दालचिनीच्या उग्र वासात धुराची चव हरवते.

सकाळी रॅकवर पिवळ्या मोहरी सॉसचा अगदी पातळ हात फिरवा. त्याची चव नंतर लागत नाही, मसाला चिकटायला तेवढी मदत होते. रब भुरभुरवून हलक्या हाताने थापा. चोळू नका.

विस्तव: इथे मन घाला

जॉर्ज स्टीफन यांनी 1952 मध्ये शिकागोतल्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये, जिथे पाण्यावरचे धातूचे बोये तयार होत, त्यांच्याच गोलाकार अर्ध्या भागांतून झाकणाची केटल ग्रिल घडवली. झाकण आणि हवेच्या झडपा या दोन गोष्टींमुळे त्या ग्रिलचा स्मोकर होऊ शकतो. 22 इंची केटलवर पुढची पद्धत भरवशाची आहे.

ग्रिलच्या तळाच्या जाळीवर, कडेला लागून, कोळशाच्या ब्रिकेटची रांग मांडा. शेजारी शेजारी दोन आणि त्यांवर दोन, एकमेकांना टेकलेल्या. ही रांग वर्तुळाच्या निम्म्याहून थोडी पुढे, दोन-तृतीयांशापर्यंत न्या. रांग एका टोकाला पेटते आणि निखारा एकेका ब्रिकेटने पुढे सरकत जातो. इंग्रजीत तिला स्नेक म्हणतात. मधल्या मोकळ्या जागेत अॅल्युमिनियमची पसरट ट्रे ठेवून तीत गरम पाणी घाला. पाणी उष्णता धरून ठेवतं आणि खाली गळणारी चरबी झेलतं.

आठ-दहा ब्रिकेट चिमणी स्टार्टरमध्ये पेटवा. राखेचा पांढरा थर धरला की चिमट्याने रांगेच्या एका टोकाशी ठेवा. लायटर फ्लुइड वापरू नका, त्याचा वास मांसाला लागतो. झाकण लावा. वरची झडप पूर्ण उघडी आणि मांसाच्या बाजूला ठेवा, म्हणजे धूर मांसावरून जाऊन बाहेर पडेल. खालची झडप पाव उघडी ठेवा. तापमानाचा खरा लगाम खालच्या झडपेत आहे. हवा कमी तर आच कमी.

झडप हलवल्याचा परिणाम दिसायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. त्यामुळे केसाएवढीच हलवा आणि थांबा. सारखी हलवत बसलात तर तापमान वर-खाली झोके घेत राहतं. 225 वरून 240 वर गेलं तर काही बिघडत नाही. 275 च्या पुढे जाऊ लागलं तर झडप थोडी मिटवा. वाऱ्याच्या दिवशी कोळसा जास्त पेटतो, तेव्हा खालच्या झडपेचं तोंड वाऱ्याच्या उलट दिशेला करा.

झाकणावरच्या घड्याळी थर्मामीटरवर विसंबू नका. तो घुमटाची हवा मोजतो, जाळीवरची नाही, आणि दोहोंत पंचवीस-तीस अंशांचा फरक सहज पडतो. प्रोबवाला डिजिटल थर्मामीटर घ्या आणि प्रोब जाळीवर, मांसापासून दोन बोटं दूर लावा. या कामात पैसे घालायचेच असतील तर आधी इथे घाला.

तापमान स्थिर झालं की रिब्ज ठेवा, हाडांची बाजू खाली, निखाऱ्यांपासून दूर. दोन रॅक आडवे मावत नसतील तर उभ्या कप्प्यांचा रिब रॅक मिळतो, त्यात उभे करा.

धूर

हिकरी, ओक, सफरचंद, चेरी किंवा पिकॅन यांपैकी कुठल्याही लाकडाचे मुठीएवढे तीन-चार तुकडे रांगेच्या सुरुवातीच्या भागावर ओळीने ठेवा. पोर्कला सफरचंद आणि चेरी सौम्य व गोडसर साथ देतात, हिकरी ठसठशीत. मेस्कीट फार उग्र असतं, नवख्याने ते टाळावं. तुकडे पाण्यात भिजवण्याची गरज नाही. पाणी लाकडात खोलवर शिरत नाही, फक्त आधी वाफ निघते आणि लाकूड नीट पेटायला उशीर होतो.

धुराकडे लक्ष द्या. दाट पांढरा धूर अर्धवट ज्वलनाचा असतो आणि त्याने मांसाला कडवट चव येते. वरच्या झडपेतून जेमतेम दिसेल असा, निळसर, विरळ धूर हवा. दाट धूर निघत असेल तर खालची झडप थोडी उघडा आणि तो विरळ झाल्यावरच रिब्ज ठेवा. थंड आणि ओलसर मांस धूर चांगला धरतं. म्हणून रिब्ज फ्रिजमधून काढून थेट ग्रिलवर ठेवा. पहिल्या दोन तासांतला धूरच महत्त्वाचा, पुढे लाकूड घालत राहण्याची गरज नाही.

पहिले तीन तास आणि मधला थांबा

पहिले दोन तास झाकण उघडू नका. उघडलं की उष्णता जाते, शिवाय आत शिरलेल्या हवेने कोळसा भडकतो, आणि झाकण लावल्यावर तापमान चढतं. दोन तासांनी पाहा. कडा कोरड्या दिसत असतील तर सफरचंदाचा रस आणि व्हिनेगर निम्मेनिम्मे घेऊन हलका फवारा मारा.

मांसाचं आतलं तापमान 150 ते 165 अंश फॅरनहाइटच्या टप्प्यात आलं की चढणं जवळजवळ थांबतं. इथे पुष्कळजण घाबरून आच वाढवतात. थांबण्याचं कारण साधं आहे. मांसातून झिरपणारं पाणी पृष्ठभागावर वाफ होतं आणि माठातलं पाणी जसं गार राहतं, तसं ते मांसाला थंड ठेवतं. पाणी पुरेसं उडालं की तापमान आपोआप पुन्हा चढू लागतं.

या थांब्यातून लवकर बाहेर पडायचं असेल तर रिब्ज फॉइलमध्ये गुंडाळतात. वाफ कोंडली की थंड होणं थांबतं. साधारण तीन तासांनी, रब सुकून महोगनी रंगाचा झाला आणि नखाने खरवडल्यास निघेनासा झाला की गुंडाळा. जाड फॉइलवर थोडं लोणी, चमचाभर मध आणि दोन-तीन टेबलस्पून सफरचंदाचा रस घाला, रॅक मांसाची बाजू खाली करून ठेवा आणि घट्ट बंद करा.

अमेरिकेत 3-2-1 हे सूत्र लोकप्रिय आहे. तीन तास उघड्या, दोन तास फॉइलमध्ये, एक तास सॉस लावून. स्पेअर रिब्जसाठी ते ठीक आहे, पण फॉइलमधले पूर्ण दोन तास बऱ्याचदा जास्त होतात. बेबी बॅकच्या बाबतीत तर हमखास. सेंट लुईस कट दीड तासाने आणि बेबी बॅक तासाभराने उघडून तपासा. कवच कुरकुरीत हवं असेल तर गुंडाळूच नका. तास-दीड तास जास्त लागेल इतकंच.

झाल्या हे कसं ओळखायचं?

घड्याळ अंदाज देतं, निर्णय देत नाही. हाडांच्या मध्ये मांसाचा थर पातळ असल्यामुळे थर्मामीटरचं टोक हाडाला टेकून आकडा चुकतो. म्हणून तीन खुणा एकत्र पाहा.

हाडांच्या टोकांवरून मांस अर्धा इंच तरी मागे सरलेलं असावं. दोन हाडांच्या मध्ये टूथपिक खुपसली तर ती फारसा विरोध न होता आत जावी. आणि तिसरी, सर्वांत भरवशाची खूण: चिमट्याने रॅक एका टोकापासून तिसऱ्या हिश्श्यावर धरा आणि हलकेच उचलून वरखाली हलवा. रॅक ताठ राहिला तर अजून अर्धा तास हवा. कमानीसारखा वाकून मध्यावर पृष्ठभागाला भेगा पडू लागल्या तर झाल्या. चिमट्यातच तुटून पडला तर वेळ थोडा जास्त झाला.

‘हाडावरून गळून पडणारं मांस’ ही रिब्जची कसोटी आहे असं अनेकांना वाटतं. अमेरिकेतल्या बार्बेक्यू स्पर्धांचे परीक्षक तसं मानत नाहीत. चावा घेतला की तेवढाच घास स्वच्छ निघावा, बाकीचं मांस हाडाला धरून राहावं, ही त्यांची अपेक्षा. घरी तुम्हाला अगदी मऊ आवडत असेल तर जरूर तसं करा, पण त्याआधीचा टप्पा एकदा चाखून पाहा.

कापल्यावर कडेला गुलाबी पट्टा दिसेल. तो कच्चेपणा नव्हे. धुरातल्या वायूंचा मांसातल्या मायोग्लोबिनशी संयोग होऊन तो रंग टिकून राहतो. घरच्या ज्येष्ठांना ताट वाढण्यापूर्वीच हे सांगून ठेवा, म्हणजे जेवताना शंका येणार नाही.

सॉस: लावायचा की नाही?

टेनेसी राज्यातल्या मेम्फिसमध्ये कोरड्या रिब्जची परंपरा जोरात आहे. तिथलं 1948 पासूनचं ‘रॉन्देव्हू’ हे तळघरातलं हॉटेल त्यासाठीच प्रसिद्ध आहे. कॅन्सस सिटीत, जिथे हेन्री पेरी या आफ्रिकन-अमेरिकन पिटमास्टरने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बार्बेक्यूचा धंदा रुजवला, आज टोमॅटो आणि मोलॅसिसचा दाट गोड सॉस चालतो. दोन्ही उत्तम.

कॅन्सस सिटीच्या वळणाचा सॉस घरी करायचा तर दीड कप केचप, एक-तृतीयांश कप अॅपल सायडर व्हिनेगर, पाव कप ब्राउन शुगर, तीन टेबलस्पून मोलॅसिस, एक टेबलस्पून वूस्टरशायर सॉस, एक टीस्पून लसणाची पूड आणि चवीपुरतं तिखट-मिरी मंद आचेवर पंधरा मिनिटं उकळा. मोलॅसिसच्या जागी काकवी घालून पाहा. रंग थोडा फिका येतो, चव मात्र सुंदर. व्हिनेगर कमी करू नका. गोव्याच्या विंदालूत आणि सोरपोतेलात ते असतं त्याच कारणासाठी इथेही हवं. पोर्कच्या चरबीला आंबटपणाची साथ लागते.

सॉस शेवटच्या वीस-तीस मिनिटांतच लावा, त्यातली साखर लवकर करपते. दोन पातळ हात, मध्ये दहा मिनिटांचं अंतर. एकच जाड थर चिकट राहतो.

संध्याकाळी साडेसहाच्या जेवणासाठी

- 10.30 – कोळसा पेटवा, रब लावा
- 11.15 – तापमान स्थिर, रिब्ज ग्रिलवर
- 2.15 – फॉइलमध्ये
- 3.45 – उघडा, तपासा, पुन्हा जाळीवर
- 4.30 – सॉसचा पहिला हात
- 5.00 – वाकवून पाहा, झाल्या असतील तर काढा

हातात तास-दीड तास मुद्दाम राखलेला आहे, कारण प्रत्येक रॅकचा स्वभाव वेगळा. लवकर झाल्या तर फॉइलमध्ये गुंडाळून, टॉवेलात घालून, रिकाम्या आइस कूलरमध्ये ठेवा. तासभर छान गरम राहतात. पाहुणे ताटकळण्यापेक्षा रिब्ज थांबलेल्या बऱ्या.

गॅस किंवा पेलेट ग्रिल असेल तर

गॅसवर एका टोकाचा एकच बर्नर लावा, रिब्ज दुसऱ्या टोकाला ठेवा. लाकडाच्या चिपा फॉइलच्या पुडीत बांधून, पुडीला चार भोकं पाडून पेटत्या बर्नरवर ठेवा. पेलेट ग्रिल तापमान स्वतः राखते, तिथे धूर मात्र सौम्य असतो. पहिले दोन तास 200 ते 225 वर ठेवलं की धुराची चव चांगली उतरते. बाकी सगळं तेच.

एवढं पाळाच

कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. गॅरेजमध्ये, दार उघडं ठेवूनसुद्धा, ग्रिल पेटवू नका. पाऊस आला तरी नाही. घराच्या भिंतीपासून आणि लाकडी कठड्यापासून दहा फूट दूर ठेवा. अनेक अपार्टमेंटांत बाल्कनीत कोळशाची ग्रिल लावायला मनाई असते, आधी विचारून घ्या. काम झाल्यावर दोन्ही झडपा बंद करा, आणि राख दुसऱ्या दिवशीही धातूच्या झाकणाच्या डब्यातच टाका. कच्च्या मांसाची सुरी, फळी आणि चिमटा शिजलेल्या मांसाला लावू नका. उरलेल्या रिब्ज दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जाव्यात, कडक उन्हाळ्यात तासाभरात. तीन-चार दिवसांत संपवा. गरम करताना फॉइलमध्ये चमचाभर पाणी घालून ओव्हनमध्ये मंद आचेवर 165 अंश फॅरनहाइटपर्यंत न्या.

ग्रिलवरून काढल्यावर रॅक दहा मिनिटं राहू द्या. मग हाडांची बाजू वर करून दोन हाडांच्या मधून सुरी चालवा, म्हणजे हाडं नीट दिसतात. सोबत कोबीची आंबटसर कोशिंबीर, भाजलेलं कणीस आणि पाव पुरे. माणशी अर्धा रॅक धरा. पहिल्या वेळी कुठली झडप किती उघडी होती आणि किती वाजता काय दिसलं, हे वहीत लिहून ठेवा. तुमची ग्रिल, तुमच्या अंगणातला वारा आणि तुमचा कोळसा यांचा हिशोब दुसरं कोणी सांगू शकत नाही. त्या नोंदी हाताशी असल्या की दुसऱ्या वेळी निम्मं काम झालेलंच असतं.